फुल स्पीड, कोरडं अन् एकच कटर? थांब ना भाऊ

कृषिपंपांची कामं करणाऱ्या वायरमन मंडळींच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: 'बाय-मेटल होलसॉ एकदाच घ्या. पत्रा, भिंत, टाइल, सगळं कापतो. ड्रिल फुल स्पीडला ठेवा, तेल लागत नाही. होल मोठं झालं तर एम-सील आहेच.' होलसॉ म्हणजे ड्रिलला लावून गोल होल पाडणारा दातेरी कटर. परवा एका पोऱ्याने मला विचारलं, "काका, खरं आहे काय?" पीव्हीसी अन् पत्रा एकाच कटरने होतो, तेवढं खरं आहे. बाकीचं नाही.

आधी भिंत. बाय-मेटल म्हणजे दात हायस्पीड स्टीलचे (हत्यारांचं कडक पोलाद, नाव तेवढं हायस्पीड), अंग लवचिक पोलादाचं, दोन्ही वेल्डिंगने जोडलेले. पत्रा, ॲल्युमिनियम, लाकूड, पीव्हीसी, इथवर त्याचं राज्य. विटेतली रेती हे दात दोन मिनिटांत घासून टाकते. भिंतीला कार्बाइडच्या दातांचा कोअर कटर, टाइलला डायमंडचा. अन् बाय-मेटल लावून हॅमर मोड चालू केला, तर दात झडतात.

आता फुल स्पीड. इथेच सगळ्यांचे पैसे जातात, माझेही गेलेत. साधं 10 मिमीचं ड्रिल मिनिटाला 2800 च्या आसपास फेरे मारतं. 25 मिमीच्या कटरचा घेर साडेअठ्ठ्याहत्तर मिमी. म्हणजे दात मिनिटाला 220 मीटर धावतात. साध्या लोखंडावर हायस्पीड स्टीलला 25 ते 30 मीटर झेपतं. आठपट वेगाने पळवलं की दात कापत नाहीत, नुसते घासतात, तापून निळे पडतात, अन् निळा पडलेला दात गेलाच म्हणायचा. 25 मिमीला साधारण 350 फेरे, 60 मिमीला 150. कटर मोठा तसा वेग कमी, हे उलटं वाटतं, पण घेराचा हिशेब मांडून पाहा. बॅटरीच्या ड्रिलचा एक नंबरचा गिअर याच कामाचा. साधं ड्रिल असेल तर ट्रिगर अर्धवट दाबता येणारंच घ्या. पंपाच्या स्टार्टरची पेटी स्टेनलेसची असेल तर वेग आणखी निम्मा करा, पण दाब सोडू नका. नुसतं घासत राहिलं की स्टेनलेस कडक होत जातं.

तेलाचं थोडक्यात: लोखंडाला कटिंग ऑइल, नसेल तर शिलाई मशीनचं तेलही कोरड्यापेक्षा बरं. ॲल्युमिनियमला रॉकेल. पीव्हीसी अन् लाकूड कोरडंच.

एम-सीलवर मात्र माझा राग आहे. मोठ्या होलात ग्लँडचा (पेटीत शिरणारी केबल घट्ट धरणारा आट्यांचा तुकडा) चेकनट, म्हणजे आतून आवळायचा नट, धड बसत नाही, केबल हलते, पत्र्याची धार इन्सुलेशन खाते. एम-सील तडकलं की पेटीत पाल शिरते, अन् पाल कॉन्टॅक्टवर चिकटली की पंप बंद, शेतकरी रात्री बॅटरी घेऊन वावरात. ग्लँडच्या आट्यांचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. 20 मिमीच्या आट्यांना साडेवीसपर्यंतचं होल पुरे. जुनं होल वाढवायचं असेल तर पायलट ड्रिलला (कटरच्या मधोमध असतं ते बारीक ड्रिल) आधार राहत नाही. मागून लाकडाची फळी घट्ट बांधा, नाहीतर पातळ पत्र्याला स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांचं, शंकूसारखं) वापरा.

मेसेजात नाही ते सांगतो. लाइन गेलेली आहे म्हणून पेटीला ड्रिल लावू नका. आपल्याकडे थ्री-फेज केव्हा परत येईल याचा भरवसा नाही. मेन स्विच पाडा, किटकॅट (फ्यूज) काढून खिशात ठेवा, टेस्टरने पाहा. पायलट ड्रिल दातांच्या पुढे बोटभर निघालेलं असेल तर आतल्या वायरीत घुसतं, ते मागे सरकवा. कॉन्टॅक्टरवर (पंप चालू-बंद करणारा पेटीतला स्विच) फडकं टाका, नाहीतर लोखंडी कीस त्यात पडतो. उरलेला कीस जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकाने गोळा होतो. कापलेल्या कडेला कानस मारून रंगाचा हात द्या. विहिरीजवळच्या पेटीत गंज पहिल्या पावसात तिथूनच सुरू होतो.