घरभेटींची सुरुवात 1948 ची नव्हे

‘ब्रिटनमध्ये बाळंतिणीच्या घरी जाऊन तान्ह्या बाळाची विचारपूस करणाऱ्या आरोग्यसेविका 1948 साली, राष्ट्रीय आरोग्य सेवेसोबत आल्या’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

मँचेस्टर-सॅल्फर्डमधल्या स्त्रियांच्या एका स्वच्छता संस्थेने 1862 मध्येच पगारी बायका घरोघर पाठवायला सुरुवात केली होती. त्या परिचारिका नव्हत्या, कष्टकरी वस्तीतल्याच होत्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या पुढाकाराने बकिंगहॅमशायरमध्ये प्रशिक्षण सुरू झाले ते 1890 च्या दशकात. म्हणजे ‘पहिल्या’चे श्रेय त्यांनाही देता येत नाही.

खरी गती आली हडर्सफील्डमुळे. तिथले महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी लाँगवूड भागात जन्मलेले बाळ वर्षाचे झाले की एक पौंड देण्याचे वचन दिले होते. पण बक्षिसापेक्षा मोलाची होती जन्माची खबर लवकर मिळणे. ती उशिरा मिळाली, तर सेविका पोचायच्या आतच बाळ दगावलेले असे. म्हणून 1907 च्या कायद्यात 36 तासांत खबर देण्याची तरतूद झाली. सुरुवातीला तो ऐच्छिक होता, 1915 मध्ये सर्वत्र बंधनकारक झाला.

आणि 1948 नंतरही या सेविका स्थानिक प्रशासनाकडेच राहिल्या. आरोग्य सेवेकडे त्या 1974 मध्ये गेल्या.