त्या माणसाला काम देऊ नका

मंगळवारी सकाळी मी माझ्याच ओट्यावर उभा राहून, एका परक्या माणसाच्या साथीनं, तब्बल पाऊण तास स्वतःची निंदा केली. आज शुक्रवार. राग अजून उतरलेला नाही. फक्त तो कोणावर काढायचा ते ठरत नाहीये.

फाटकाची बिजागरी निखळली म्हणून वेल्डिंगचा मिस्त्री बोलावला होता. घरात वेल्डिंग मशीन आहे, गेले आठ महिने मी त्याच्यापुढे वाकून बसतोय, आणि तरी मिस्त्री बाहेरून आणावा लागला, यावरून सुज्ञांनी काय ते ओळखावं. (माझी बाजू एवढीच, की उभं वेल्डिंग मला अजून जमत नाही. वितळलेलं लोखंड वर चढायला तयार नसतं, ते सरळ माझ्या बुटावर उतरतं.) मिस्त्रीनं दहा मिनिटांत काम उरकलं, घाम पुसला आणि टेकायला म्हणून कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं. स्टूल डुगडुगलं. तो उठला, त्यानं स्टूल उलटं केलं, चारही सांध्यांवरून अंगठा फिरवला, आणि एखादं जखमी जनावर सापडल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, हे कोणी केलं?"

'मी' हे एकच अक्षर आहे. जन्मभर गरज नसताना मी ते हजारदा उच्चारलं असेल. नेमकं तेव्हा घशात अडकलं.

"आहे एक माणूस," मी म्हणालो.

आता त्या स्टुलामागे काय काय आहे, हे मिस्त्रीला कळायचं काही कारण नव्हतं. २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, भिंत जेमतेम २ मिलिमीटरची, आणि २.५ मिलिमीटरचा ६०१३ नंबरचा रॉड, म्हणजे स्वतः वितळून सांधा भरणारी लेपण दिलेली कांडी. या नंबरातल्या पहिल्या दोन आकड्यांचा अर्थ, जोडाची ताकद दर चौरस इंचाला ६०,००० पौंड. तिसरा १ म्हणजे आडव्या, उभ्या, डोक्यावरच्या, कुठल्याही स्थितीत चालणारा. माझ्या हातात तो पहिला महिनाभर कुठल्याच स्थितीत चालला नाही. काडी ओढावी तसा रॉड लोखंडावर ओढायचा आणि जाळ धरला की चटकन रॉडच्या जाडीइतकं अंतर राखायचं, एवढंच तर आहे. मी ओढायचो, तो तिथंच चिकटायचा. मशीन घुमायला लागायचं, रॉड लालबुंद व्हायचा, आणि मी होल्डर दोन्ही हातांनी धरून, दात काढणाऱ्याच्या आवेशात, तो उपटत असायचो. घाबरून अंतर वाढवलं की शिंतोडे. करंट वाढवला की पाइपला भोक. भोक बुजवायला गेलं की आणखी मोठं भोक.

शिकवणाऱ्या चित्रफितींवर माझा खास राग आहे. त्यातला माणूस शांतपणे सांगतो, "जाळाकडे बघू नका, तळ्याकडे बघा." कसलं तळं? काळ्या काचेतून मला एक हिरवट ठिपका दिसायचा आणि बाकी अमावास्या. त्या माणसानं वीस वर्षं हेच केलेलं असतं, ते तो कुठेही सांगत नाही. तीन मिनिटांत शिकवतो आणि हातमोजे झटकतो.

पण एका रात्री ते तळं दिसलं.

रॉडच्या टोकामागे वितळलेल्या लोखंडाचं, वाटाण्याएवढं, लखलखतं, थरथरणारं. मी हात हलवला तसं ते माझ्यामागून आलं. आवाजही बदलला: फटफट थांबून पत्र्यावर पावसाची एकसारखी सर लागावी तसा झाला. समोर ६,००० अंशांच्या आसपासचा जाळ, लोखंड १,५०० अंशांच्या पुढेमागे पाणी होतं, आणि त्या सगळ्या भानगडीचा लगाम माझ्या मनगटात! मिनिटभरात रॉड संपला. मी काच वर केली. कामावर काळा पोपडा धरला होता. रॉडवरचं लेपण जळताना वायूचं पांघरूण करून वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवतं, आणि त्याचीच मळी वर साय धरल्यासारखी जमते. ती हातोडीनं ठोकून काढावी लागते. मी हातोडी उचलणार, एवढ्यात तो पोपडा टिक्‌ टिक्‌ करत आपणहून सुटला, वळला आणि गळून पडला. खाली चांदीसारख्या वळ्या. एकीवर एक, एकसारख्या. दोन इंच!

त्या दोन इंचांनी माझं वाटोळं केलं. मी पुन्हा पुन्हा त्यासाठीच खाली बसतो. रस्त्यानं जाताना आता मी माणसं बघत नाही, कठडे बघतो. लोकांकडे गेलो की खुर्चीत बसण्याआधी तिच्या खाली वाकतो, आणि यजमानांना वाटतं माझं काहीतरी पडलंय. रात्री बायको झोपायला टेकली की मी तिला जहाजं सांगतो. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या गोदीत, शांत पाण्यात उभं असलेलं स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज मोठा आवाज करून मधोमध फाटलं. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद, त्यात वेल्डिंगचे दोष. रिवेट मारलेल्या जहाजात भेग एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबू शकते. वेल्डिंगनं सगळे पत्रे एकसंध झाले की ती अडवणारं कोणी नसतं, सुसाट पळते.

"आणि आपलं स्टूल?" बायकोनं पांघरुणातून विचारलं.

"ते फाटत नाही. डुगडुगतं फक्त."

"झोपा आता."

डुगडुगण्याचंही शास्त्र आहे. वेल्डिंग निवताना आक्रसतं आणि पाय स्वतःकडे ओढून घेतं. म्हणून आधी सगळीकडे नुसते टाके मारायचे, गुण्या लावून काटकोन बघायचा, मग आज इकडे थोडं, उद्या तिकडे थोडं, असं समोरासमोरच्या बाजू घेत जायचं. मला कुठला धीर! मी एक पाय पूर्ण करूनच दुसऱ्याकडे वळलो, आणि चौथ्या पायाला जमीन पुरली नाही.

तर, आहे एक माणूस.

"किती घेतले त्यानं याचे?" मिस्त्रीनं विचारलं.

मी आकडा सांगितला. अशा प्रसंगीही माणसाला मान सुटत नाही. आकडा मी थोडा चढवूनच सांगितला.

"एवढे? याचे?" मिस्त्री उकिडवा बसला. तो आता दमलेला दिसत नव्हता. "हे बघा. लोखंडाला देवी आल्यात नुसत्या. रॉड दमट असणार त्याचे, आणि वरून धरतो लांब. लांब धरला की हवा शिरते आत."

"असेल."

"असेल नाही, आहेच. आणि हा बघा शेंबूड."

मी पाहिलं. आजवर तो सांधा मला जरा जाडसर वाटत होता, बाकी ठीक. मिस्त्रीनं तो शब्द उच्चारला आणि संपलं. गेले तीन दिवस मला तिथं दुसरं काहीही दिसत नाही.

"ही दोरी ठेवल्यासारखी वर वर दिसतेय ना? करंट कमी. आत शिरलंच नाही. का कमी ठेवतो सांगू?"

"का?"

"घाबरतो."

मी त्या माणसाच्या वतीनं गप्प राहिलो.

"भोक पडेल म्हणून घाबरतो. एकदा पडलं असणार." (दोनदा.) "दिसायला कसा आहे?"

"बेताचाच. चष्मा आहे. बोलायला बरा आहे."

"तेच! बोलायला बरेच असतात." मिस्त्रीला पुरावा मिळाला. "साहेब, काम येणारा माणूस बोलत नाही." हे तो गेली पंधरा मिनिटं अखंड बोलत असताना म्हणाला, पण मी कुठल्या तोंडानं दाखवून देणार?

"नवीन आहे हो तो," मी दुबळा बचाव केला. "शिकतोय."

"मग शिकावं ना स्वतःच्या घरी! लोकांच्या स्टुलावर कशाला?"

"ते मात्र खरं."

"परत आला तर दारातूनच घालवा."

"तो इथंच असतो," मी म्हणालो. दिवसभरात बोललेलं एवढंच निखळ सत्य.

इतक्यात बायको पाणी घेऊन बाहेर आली. मी तिला डोळ्यांनी विनवण्या केल्या. तिनं उलटं स्टूल पाहिलं, मिस्त्रीचा चढलेला आवाज ऐकला, माझा चेहरा वाचला. इतकी वर्षं झाली, एका क्षणात तिला सगळं कळलं. मला वाटलं, आता ही मला सांभाळून घेणार.

"मी यांना केव्हाची सांगतेय," ती म्हणाली, "नका देऊ त्या माणसाला काम."

"बघा!" मिस्त्री.

"रविवारी सकाळी बसतो तो रात्रीपर्यंत हलत नाही. अर्धा ओटा काळा करून ठेवलाय. जेवायला दहादा हाका माराव्या लागतात."

मिस्त्रीचा पाण्याचा गडू ओठांपाशी थांबला. "वहिनी, तुम्ही त्याला जेवायला पण घालता?"

"काय करणार," बायको म्हणाली. "सवय झालीय."

आणि ती आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता, पण भांडी इतकी हसत नाहीत.

मिस्त्रीनं माझ्याकडे पहिल्यांदाच करुणेनं पाहिलं. त्याच्या लेखी मी आता नुसता फसलेला गिऱ्हाईक नव्हतो, घरात गडी शिरलेला दुबळा यजमान होतो. बोलायला काही सापडेना म्हणून तो इकडेतिकडे पाहू लागला आणि त्याची नजर खिळ्यावर अडकवलेल्या माझ्या शिरस्त्राणावर गेली.

"हे कोणाचं?"

"त्याचंच. विसरून गेला."

त्यानं ते काढलं, डोक्यावर चढवलं, आतून काहीतरी बोलला, पुन्हा काढलं. ठिणगी पडली की त्याची काच सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागात आपोआप काळी होते, असं खोक्यावर लिहिलंय. मी ते त्याला सांगितलं. फारच तपशिलात सांगितलं बहुधा, कारण त्यानं मान तिरकी केली. मग म्हणाला, "काम असं, आणि थाट बघा."

इथं मला हसू आलं नाही, आताही येत नाही. फाटकाच्या वेळी मी पाहिलं होतं: लांब जोडाला तो काळी काच हातात धरत होता, पण टाके मारताना ती बाजूला ठेवून नुसती मान वळवत होता आणि डोळे मिटत होता. हातमोजा एकच, तोही डाव्या हाताचा बोटं जळालेला. डोळे लाल. मी एकदा, फक्त एकदा, एकच तर टाका म्हणून काच न घेता जाळाकडे पाहिलं होतं. तेव्हा काहीच झालं नाही. रात्री दोन वाजता कोणीतरी पापण्यांखाली वाळू भरल्यासारखा जागा झालो आणि पहाटेपर्यंत ओल्या फडक्याखाली रडलो. उन्हानं कातडी भाजते तसं ते डोळ्याचं भाजणं असतं, आणि दुखायला लागतं काही तासांनी, जेव्हा आपण ते विसरलेले असतो.

"डोळ्यांना त्रास होत नाही?" मी विचारलं.

"होतो की. रात्री पाणी मारायचं. सकाळी काम असतंच."

ज्याला यावर घर चालवायचंय त्याच्या हातात तडा गेलेली काच, आणि ज्याची स्टुलं डुगडुगतात त्याच्या डोक्यावर पंचवीस हजारावा भाग. हे कुठल्या हिशेबात बसतं? लोकांना हौस म्हणून केलेल्या कामाचं कौतुक, आणि पोटासाठी तेच करणाऱ्याला साधी धड काच नाही. मी म्हणालो, "तुम्हीच ठेवा ते. इथं नुसतं पडून असतं."

"आणि तो मागायला आला तर?"

याचं उत्तर एकच अक्षर होतं. तेही तेच. मी ते दुसऱ्यांदा गिळलं. आणि खरं सांगायचं तर आग्रहही फार केला नाही. शिरस्त्राण अजून खिळ्यावर आहे. परवापासून मी त्याच्याकडे पाठ करून बसतो.

जाता जाता मिस्त्रीला राहवेना. त्यानं हातोडी घेतली आणि आखूड पायावर एक घाव घातला. एकच. पाय टण्णकन सुटून फाटकापर्यंत गेला. सुटलेल्या जागी पाइपची मूळची कड तशीच्या तशी, तीक्ष्ण, न वितळलेली. माझं सगळं लोखंड तिच्यावर नुसतं बसलेलं होतं, पाहुण्यासारखं. मी त्या पायावर तीन संध्याकाळी घालवल्या होत्या. त्यानं ग्राइंडर फिरवला, गुण्याही न लावता पाय नजरेनं धरला, दोन टाके, उलटसुलट दोन फेऱ्या. पोपडा आपणहून सुटला. त्यानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पैसे विचारले तर म्हणाला, "माझे नकोत. त्याच्याकडून वसूल करा."

स्टूल आता तीन पायांवर माझं आणि एका पायावर त्याचं आहे, आणि ते डुगडुगत नाही. येणारेजाणारे त्यावर बसतात आणि बरोबर त्याच पायाकडे बघून "वा, तुम्ही केलंत?" म्हणतात.

सामान गाडीवर बांधून झाल्यावर तो परत आला. फडक्यात गुंडाळलेले चार रॉड त्यानं माझ्या हातात ठेवले.

"आला तर त्याला द्या. म्हणावं, कोरड्यात ठेव आणि करंट पंच्याऐंशी कर. आणि घाबरू नको म्हणावं."

त्याच रात्री मी ते रॉड त्या माणसाला दिले, निरोपही सांगितला. पहिलाच चिकटला.