चाळीस मास्टर्स आणि ४०-१५

२०२५ च्या शांघाय मास्टर्सचा विषय बंड्यासमोर काढायचा नाही, असं कट्ट्यावर ठरलं होतं. ठरवलं सल्याने, आणि काढलाही सल्यानेच. मास्टर्स म्हणजे टेनिसमधल्या, ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या नऊ मोठ्या स्पर्धा. आमच्यात बंड्या जोकोविचचा, दिग्या फेडररचा, सल्या नदालचा.

"काय रे, तो २०४ नंबरवाला वाशेरो अखेर जिंकला म्हणे. वाटेत तुझ्या नोव्हाक जोकोविचलाही सरळ दोन सेटमध्ये घरी पाठवून."

"अडतिसाव्या वर्षी सेमीफायनल खेळतोय माणूस," बंड्या उसळला. "नीट चालताही येत नव्हतं त्याला. तुम्हाला फक्त हरलेला दिसतो."

"आणि फायनलला पलीकडे कोण, तर वाशेरोचा मावसभाऊ की चुलतभाऊ," दिग्या म्हणाला. "घरातल्या घरात मास्टर्स वाटून घेतली."

बंड्याची एक रीत आहे. वाद पेटला की तो आधी चष्मा कपाळावर चढवतो, मग फोन नाकापासून वीतभर लांब धरतो, मग "डेटा" एवढा एकच शब्द उच्चारतो. पुढची दहा मिनिटं बाकीच्यांनी ऐकायचं. ‘डेटा’ हा शब्द तो ज्या आदराने उच्चारतो, तेवढ्या आदराने त्याने सासऱ्यांचं नावही कधी घेतलं नसेल.

"डेटा. जोकोविचच्या मास्टर्स ४०. नदाल ३६, फेडरर २८. ग्रँड स्लॅम २४, २२, २०. नंबर वनवर ४२८ आठवडे. दिग्या, तुझ्या साहेबांचे ३१०. समोरासमोर नदालवर ३१-२९, फेडररवर २७-२३. नऊच्या नऊ मास्टर्स जिंकलेला जगात एकच माणूस, तोही दोनदा. नदालला मायामी नाही, पॅरिस नाही. फेडररला माँटे कार्लो नाही, रोम नाही. बोला आता."

"मायामीला पाच फायनल हरलाय रे तो," सल्या म्हणाला. घरातलं कोणी गेल्यासारखा त्याचा आवाज झाला होता. नदालचं नाव निघालं की सल्याचा हात आपोआप स्वतःच्या गुडघ्याकडे जातो. दोघांची दुखणी सारखी, असं त्याचं मत आहे. सल्याने आयुष्यात धावण्याचं काम कधी केलेलं नाही, हा भाग वेगळा.

"दोनदा, दोनदा काय लावलंय," दिग्या म्हणाला. "त्या दुसऱ्या वेळची सिनसिनाटी सिनसिनाटीत झालीच नव्हती. २०२० ला सगळं बिऱ्हाड न्यूयॉर्कला हलवलं होतं. आणि मला सांग, नऊपैकी गवतावर किती? एक तरी? सहा हार्ड कोर्टवर, तीन क्लेवर, म्हणजे मातीवर. ज्याचं राज्य गवतावर, त्याला गवतच द्यायचं नाही आणि वर म्हणायचं २८ च का!"

"गवत विम्बल्डनला होतं ना," मंजू म्हणाली. तोवर ती गप्प होती. "२०१९ ला. चांगलं हिरवंगार होतं."

दिग्या खाली बघायला लागला. नव्याने कट्ट्यावर येणाऱ्याला हे सांगावं लागतं, जुन्यांना नाही. २०१९ ची विम्बल्डन फायनल, समोर जोकोविच. पाचव्या सेटला ८-७, फेडररची सर्व्हिस, ४०-१५; म्हणजे जिंकायला एकच पॉइंट हवा, आणि संधी दोन. त्या क्षणी दिग्याने घाईघाईने सगळ्यांना अभिनंदनाचा मेसेज पाठवला होता, फुलांच्या गुच्छासकट. पुढचे दोन पॉइंट काय झाले ते जगाला माहीत आहे. बंड्याने त्या मेसेजचा फोटो जपून ठेवलाय आणि दर जुलैत तो न चुकता सगळ्यांना पाठवतो. तेव्हापासून दिग्याचं नाव ‘चाळीस-पंधरा’.

"त्या मॅचला फेडररचे पॉइंट २१८ होते," दिग्या पुटपुटला. "त्याचे २०४. चौदा पॉइंट जास्त जिंकून माणूस हरला."

"बरोबरीतल्या सेटचा निकाल लावणारे तिन्ही टायब्रेक हरल्यावर काय होणार?" बंड्या म्हणाला.

"मी डेटाच सांगतोय, बंड्या. की तुझा तेवढा डेटा, माझं ते रडगाणं?"

हे बरं होतं. पण दिग्याचं असं आहे की एक चांगला टोला बसला की तो लगेच फेडररच्या बॅकहँडवर भाषण सुरू करतो. त्यात ‘काव्य’ हा शब्द येतो, आणि त्याची बाजू तिथेच मरते. आजही तेच झालं. ते भाषण इथे देत नाही.

अप्पा इतका वेळ काठी जमिनीवर टेकवून ऐकत होते. "तुम्ही लोक चाळीस-छत्तीस करताय," ते म्हणाले, "आमच्या काळच्या जिमी कॉनर्सने १०९ स्पर्धा जिंकल्या. एकशे नऊ! तुमचा जोकोविच आत्ता कुठे १०१ वर आलाय."

"अप्पा, त्यात लहानसहान स्पर्धा किती होत्या ते बघा की."

"यूएस ओपन लहान का रे? ७४ ला गवतावर जिंकली, ७६ ला क्लेवर, ७८ ला हार्ड कोर्टवर. स्पर्धा तीच, खालची जमीन तीनदा बदलली, आणि हा पठ्ठ्या तिन्हींवर जिंकला. दुसरा माणूस दाखव मला."

बंड्याने फोनमध्ये शोधायचा प्रयत्न केला. दुसरा माणूस नाहीच, त्यामुळे त्याला वेळ लागला.

"आणि मास्टर्स किती कॉनर्सच्या?" तो म्हणाला. "शून्य!"

इथे मंजूने पाय खाली सोडले आणि सरळ होऊन बसली. आमच्यात नीट, पद्धतशीर टेनिस खेळलेली ती एकटी. ती बोलायला लागली की मी तरी मध्ये पडत नाही.

"बंड्या, मास्टर्सची मोजणी कधीपासून?"

"१९९० पासून."

"ऐंशीच्या दशकातल्या इव्हान लेंडलने कॅनडाची स्पर्धा किती वेळा जिंकली?"

बंड्याने फोन आणखी लांब धरला. "सहा."

"जोकोविच चार, नदाल पाच, लेंडल सहा. स्पर्धा तीच. पण त्याची शेवटची १९८९ ची. म्हणून तुझ्या मास्टर्सच्या यादीत लेंडलपुढे भोपळा. तो काय वेगळा खेळ खेळत होता का?"

"अगं, पण कुठून तरी मोजायला सुरुवात करावीच लागते ना!"

"करावी की. मग ‘नव्वदनंतर सगळ्यात जास्त’ म्हण. तू ‘जगात एकच माणूस’ म्हणतोस. आणि आता सौदीत दहावी मास्टर्स यायची आहे, २०२८ च्या सुमाराला. तेव्हा तुझे नऊच्या नऊ दहापैकी नऊ होणार. रॅकेटला हात न लावता जोकोविचचा एक रेकॉर्ड कमी. मग काय करशील?"

बंड्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. त्याला हे खरंच सुचलेलं नव्हतं. क्षणभर मला त्याची दया आली, पण क्षणभरच; कारण लगेच तो म्हणाला, "दहावीची मोजणी वेगळी करता येईल."

"बघा! लेंडलला मागून कापायचं आणि याला पुढून सूट!"

सल्याला आता जोर चढला. "आणि पूर्वी मास्टर्सची फायनल पाच सेटची असायची, हे सांगत नाही तो. २००६ ची रोम बघितली होतीत का? राफा नदाल आणि फेडरर, पाच तास पाच मिनिटं. पाचव्या सेटचा टायब्रेक. दोघं इतके पिळून निघाले की पुढच्या आठवड्यात हॅम्बुर्गला कोणी गेलंच नाही. त्यानंतर त्या फायनल तीन सेटवर आणल्या. जोकोविचच्या चाळीसपैकी पाच सेटची फायनल एकच, २००७ ची मायामी. तीही सरळ तीन सेटमध्ये उरकली."

"त्या रोमलाही फेडररला दोन मॅच पॉइंट होते," दिग्या म्हणाला.

"तुला दुसरं काही आठवतच नाही का रे?"

बंड्या चिडला, आणि चिडल्यावर तो जरा बरं बोलतो. "ठीक आहे. मोजूच नका. कोण मोठा हे दिग्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून ठरवा. नाहीतर सल्याच्या गुडघ्यावरून. अरे, आकड्यांशिवाय तुमच्याकडे आहे काय? अप्पांची आठवण? अप्पांना सकाळचं आठवत नाही!"

"चाळीस खरेच आहेत," मंजू म्हणाली. "चोवीसही खरेच. माझं त्यांच्याशी भांडण नाही. पंधरा-वीस वर्षं एवढं सातत्य दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही. पण त्या आकड्यावरून तू साठ-सत्तर सालच्या माणसाला लहान ठरवतोस, तिथे माझं भांडण आहे. रॉड लेव्हर घे. किती स्लॅम?"

"११. इमर्सनच्यासुद्धा १२ आहेत," बंड्या म्हणाला. त्याच्या आवाजात विजय होता.

मंजू याचीच वाट बघत होती, असं मला वाटतं.

"१९६२ ला लेव्हरने चारही जिंकल्या. त्यातल्या तीन फायनलला समोर कोण होता? इमर्सन. तिन्ही हरला. मग लेव्हर व्यावसायिक झाला, आणि तेव्हा व्यावसायिकांना स्लॅममध्ये प्रवेश नव्हता. ६३ ते ६७, पाच वर्षं, एकही स्लॅम नाही. त्याच पाच वर्षांत इमर्सनने किती जिंकल्या?"

बंड्या मोजायला लागला. ओठ हलत होते. आम्हीही त्याच्या बोटांकडे बघत बसलो. "... ६५ ला दोन... ६६ ला एक... ६७ ला दोन. दहा."

"बारापैकी दहा. मग ६८ ला दारं उघडली, तिथून ‘ओपन एरा’ सुरू, आणि ६९ ला लेव्हरने परत चारही घेतल्या. आणि इमर्सनचा बाराचा रेकॉर्ड सांप्रासने मोडला तो थेट २००० ला. तेहतीस वर्षं तो आकडा सगळ्यात वर होता. यादीत लेव्हरपुढे ती पाच वर्षं कोरी दिसतात, बंदी होती असं काही लिहिलेलं दिसत नाही."

"कॉनर्सलाही ७४ ला फ्रेंच ओपनला खेळू दिलं नव्हतं," अप्पा म्हणाले. "उरलेल्या तिन्ही जिंकला तो त्या वर्षी. आणि ऑस्ट्रेलियाला तर त्या काळी कोणी जायचंच नाही. बोर्ग आख्ख्या आयुष्यात एकदा गेला."

"असं बघितलं तर जोकोविचलाही २०२२ ला ऑस्ट्रेलियातून परत पाठवलं, अमेरिकेत शिरू दिलं नाही," बंड्या म्हणाला. "तेही धरा मग!"

"धरते," मंजू म्हणाली. "धरायलाच पाहिजे."

हे बंड्याला अजिबात अपेक्षित नव्हतं. त्याच्या बाजूचा मुद्दा समोरच्याने मान्य केला की तो हवालदिल होतो. त्याने पटकन विषय बदलला आणि सर्वांत लांब मॅचवर गेला: इस्नर-माहू, विम्बल्डन २०१०, अकरा तास पाच मिनिटं, तीन दिवस, शेवटचा सेट ७०-६८.

त्या मॅचबद्दल मात्र कट्ट्यावर भांडण होत नाही, सगळे नुसते रंगतात. सल्याने पाटीची गोष्ट परत सांगितली: १८ नंबरच्या कोर्टवरचा स्कोअरबोर्ड ४७-४७ ला थिजला, कारण त्यापुढे कोणी जाईल असं तो बनवणाऱ्याला वाटलंच नव्हतं. पाटी बंद, खेळ चालू. समोरच्याची रॅकेटही न लागलेल्या सर्व्हिस, म्हणजे एस, इस्नरच्या ११३, माहूच्या १०३. आणि एवढं करून इस्नर पुढच्या फेरीत पहिला सेट ६-० ने हरला. दिग्याने तेवढ्यात सांगून घेतलं की एकूण पॉइंट माहूचेच जास्त होते, ५०२ विरुद्ध ४७८.

"२०२५ च्या फ्रेंच ओपन फायनललाही सिनरचा एक पॉइंट जास्त होता," मंजू म्हणाली. "१९३-१९२. वर तीन मॅच पॉइंट. आणि कप अल्काराझकडे."

"फेडरर स्वतः म्हणाला होता," दिग्या परत भरून आला, "की आयुष्यभरात त्याने पॉइंट फक्त ५४ टक्के जिंकले. आणि मॅच जवळपास ८० टक्के."

"त्या ५४ टक्क्यांत ते दोन नव्हते," बंड्या म्हणाला. हे मात्र मानलं पाहिजे, चांगलं होतं. दिग्यासुद्धा हसला.

हसणं जरा ओसरल्यावर सल्याने हळूच काडी टाकली. "बंड्या, रेकॉर्डचं एवढं चाललंय, तर आपली वही काढ की."

बंड्याकडे एक वही आहे. रविवारी सकाळी आम्ही जे काही खेळतो, त्याला टेनिस म्हणायचं धाडस फक्त ती वहीच करते. त्यात तारीख, स्कोअर, पहिल्या सर्व्हिसची टक्केवारी, वाऱ्याची दिशा. सल्याच्या नावापुढे ‘उशिरा आला’ असा खास रकाना आहे आणि तो भरलेला आहे. विजेत्यांच्या यादीत सगळ्यात वर बंड्या.

"त्यात मंजू दिसत नाही ती," अप्पा म्हणाले.

"ती बाहेरगावी होती ना नोकरीला."

"त्याआधी खेळायची की. तुला दर रविवारी धुवायची, मी बघितलंय. मला सकाळचं आठवत नसेल, पण ते चांगलं आठवतंय."

"ते वहीत नाही," बंड्या म्हणाला.

"का नाही?"

बंड्याने चष्मा पुसला. "वही नंतर सुरू केली. ते... ते ओपन एराच्या आधीचं आहे."

पुढे दोन मिनिटं कोणालाच बोलता आलं नाही. अप्पांच्या हातून काठी पडली. दिग्या कट्ट्यावरून उतरून रस्त्याच्या कडेला वाकून हसत होता. मंजू डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे मी गेले त्या वर्षांत हा दहा जिंकला!"

"इमर्सन!" सल्या ओरडला. "अरे, हा आपला इमर्सन!"

चाळीस-पंधराला इतक्या वर्षांनी जोडीदार मिळाला, त्यामुळे सगळ्यात मोठ्याने ओरडत होता दिग्याच. बंड्या आधी फुगला. मग त्याने चष्मा कपाळावर चढवला, फोन लांब धरला, बराच वेळ वाचलं आणि मान वर केली.

"डबल्सच्या सोळा आहेत त्याच्या," तो म्हणाला. "बारा नि सोळा, अठ्ठावीस. चालेल मला."