देणारा एकटाच का असावा?

घरी फोन केला की दानावरून आमच्याकडे एक जुना वाद निघतोच. काकांचं मत, या हाताचं त्या हाताला कळू नये. धाकट्या भावाला वाटतं, उघडपणे दिलं तर आणखी चार जण पुढे येतील. अमेरिकेत गेली सहा वर्षं मी एका गिव्हिंग सर्कलमध्ये आहे आणि मला आता दोघांचंही म्हणणं अपुरं वाटतं. गुपचूप असो की उघड, कुणाला आणि कशासाठी द्यायचं हे दोघांकडेही देणारा एकटाच ठरवतो.

सर्कलमध्ये प्रत्येकाने ठरलेली वर्गणी घालायची आणि ती कुठे द्यायची ते एकत्र बसून, मत देऊन ठरवायचं. २००१ साली वेंडी स्टील यांनी सिनसिनाटीत सुरू केलेल्या ‘इम्पॅक्ट १००’चा हिशेब सगळ्यांत सोपा: किमान १०० बायका, प्रत्येकीचे १,००० डॉलर, प्रत्येकीला एक मत. जमलेले एक लाख डॉलर एका संस्थेला एकदम मिळतात, आणि तेवढ्या पैशात ती माणसं नेमू शकते. आमचा गट लहान आहे, वर्गणीही कमी. रीत तीच.

पहिल्या वर्षी मी मुलांना पुस्तकं वाटणाऱ्या संस्थेसाठी हट्ट धरला होता. गटातल्या एका निवृत्त नर्सने विचारलं, “पुस्तकं पोचल्यावर मुलांबरोबर वाचायला कोण बसतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिने डायलिसिसच्या रुग्णांना गाडीतून नेणाऱ्या संस्थेबद्दल सांगितलं. आठवड्यातून तीनदा जायचं, घरात गाडी चालवणारं कुणी नाही. मी माझं मत बदललं. घरबसल्या एकटीने चेक लिहिला असता तर मला कुणी काही विचारलंच नसतं. आता महिन्यातले दोन शनिवार मी ती गाडी चालवते, आणि त्या वाटेवरच्या गप्पा मला फार मोलाच्या वाटतात.

जो छान बोलतो त्यालाच पैसे मिळतील, ही काकांची शंका मात्र रास्त आहे. आम्ही अर्ज दोन पानांवर आणला आणि मतदानाआधी कुणीतरी जाऊन काम बघून यायचं, असं ठरवलं.

मायदेशातल्या संस्थांना इथून एकत्र देणं अवघड आहे. परदेशी नागरिकांचा पैसा घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या भारतीय कायद्याखालची नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. देखरेख हवीच, पण खेड्यातली छोटी संस्था यात मागे राहते, याचं मला वाईट वाटतं. तिथे राहणाऱ्यांनी आपला पैसा एकत्र केला तर ही अडचण येत नाही. म्हणून मी भावाच्या मागे लागले.

त्याने सात जणांची यादी पाठवली आहे. त्यात काकाही आहेत. त्यांची अट एकच, नाव कुठे येता कामा नये. देणगी गटाच्या नावाने जाणार, त्यामुळे तसंही ते येणार नाही.