बारीक पोरींनाही बैठका लागतात

वडगावच्या आमच्या भिशीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. म्हणे मुलींनी बैठका, उड्या करू नयेत, मांड्या पुरुषी होतात, अंग म्हणजे गर्भाशय खाली सरकतं. बारीक मुलीला शुगरची भीती नाही. आणि घरकाम करणारीला वेगळा व्यायाम कशाला? खाली हात जोडलेल्या इमोजींची ही रांग.

आधी बारीकपणाचं बघू, कारण सगळ्यात घातक वाक्य तेच. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. ते दोघे पुरुष, पण आपल्या बारीक पोरींचंही बऱ्याचदा असंच असतं: काट्यावर वजन कमी, स्नायू त्याहून कमी, चरबी पोटाभोवती. बायकांच्या कमरेची मर्यादा आपल्याकडे ८० सेंटीमीटर धरतात. ड्रेसच्या मापावर जाऊ नका, टेप लावा.

परवा सत्यनारायणाच्या पंगतीत माझी भाची, वय २१, वजन ४६ किलो, दोन्ही हात जमिनीला टेकून उठली. शेजारची सत्तरीतली आजी, जिचं आयुष्य खानापूरकडं रोप लावणीत गेलं, पदर सावरत सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "एवढ्यातच हात टेकायलीस काय गे?"

आजीनं नेमकं बोट ठेवलं. जेवल्यावर रक्तात येणाऱ्या साखरेचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, आणि अंगातले सगळ्यात थोराड स्नायू मांड्यांचे नि कुल्ल्यांचे. ते काम करायला लागले की ग्लुट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या कडेला येतात आणि इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढतात. त्यातही नुसती ताकद वेगळी, झपाटा वेगळा. भरलेली घागर सावकाश उचलणं ही ताकद. सुटलेल्या बसच्या पायरीवर पाय टाकून अंग वर झोकणं हा झपाटा. त्याला लागणारे जलद तंतू रमतगमत चालण्यानं फारसे कामाला लागत नाहीत, आणि वय वाढतं तसे आधी तेच रोडावतात. बैठका म्हणजे शुगरचं औषध, असं मात्र मी म्हणणार नाही. उड्या मारणाऱ्या मुलीचं बाकीचं जगणंही हलतं असतं, त्यामुळं श्रेय कशाला किती हे वेगळं काढणं अवघड.

पुरुषी मांड्यांबद्दल काय बोलायचं! स्नायू भरवणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पुरुषांत बायकांच्या दहापटीहून जास्त असतं. घरातल्या बैठकांनी कुणी पैलवान होत नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्य आणणारी आपल्या बेळगावची मालप्रभा जाधव ५२ किलो गटात खेळली.

अंग सरकण्यामागं मुख्यतः बाळंतपणं, वय आणि सैल पडलेले ओटीपोटाचे स्नायू असतात. धडधाकट मुलीचं बैठकांनी काही सरकत नाही. ओली बाळंतीण असेल किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास आधीच असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.

राहिलं घरकाम. आजीच्या बाबतीत मेसेज खरा आहे. पण ते काम आता उरलंय कुठं? पाणी नळाला, वाटण मिक्सरला, कपडे मशीनला. ओट्याशी उभं राहून चपात्या लाटण्यात मांड्यांना कसला जोर? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल सांगते, आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम. हा दुसरा भाग सगळेच गाळतात.

भाचीला मी खुर्चीवरून सुरुवात करून दिली. हात छातीशी, उठताना झटकन, बसताना सावकाश, दहा झाल्या की दम खायचा. तिसऱ्या दिवशी फोन: "मावशी, जिना उतरवेना." दोन दिवसांत जाईल म्हटलं, गेलंही. आता रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड चढायचा म्हणतेय. मलाही ओढायलीय, आणि माझेच गुडघे कुरकुरायलेत.