नंबर विमानाला नको, मैदानाला द्या

रिमोटची विमानं उडवणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर एका पोट्ट्यानं विचारलं, "काका, फोमचं विमान उडवायला लायसन लागते का?" दोन ओळींत उत्तर लिहायला बसलो आणि ही लांबण लागली.

लायसन लागत नाही. म्हणजे, विमान दोन किलोच्या आतलं असेल आणि हौसेसाठी उडवत असशील तर. पण 2021 च्या ड्रोन नियमांत रिमोटवर उडणारं बिनपायलटचं सगळं एकाच टोपलीत येतं, लग्नाचं शूटिंग करणारं ड्रोन असो की तुझं थर्माकोलचं विमान. त्यातल्या त्यात एक बरं. 25 किलोपर्यंतचं, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं विमान 'मॉडेल' धरतात आणि मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीची सरकारी मंजुरी, लागत नाही. नोंदणी क्रमांक मात्र सुटत नाही. तो कशाला जोडलेला? कारखान्यानं दिलेल्या सिरियल नंबरला, आतल्या फ्लाइट कंट्रोलरच्या (विमानाचा तोल सांभाळणाऱ्या सर्किटच्या) नंबरला आणि खालच्या रिमोटच्या नंबरला.

आता माझ्या विमानाची कुंडली ऐक. कारखाना: आमचं जेवणाचं टेबल. पंख गेल्या दिवाळीतला, संत्र्याच्या झाडात अडकून मधोमध मोडलेला, आत बांबूची कामटी घालून ग्लू गननं चिकटवलेला. शेपूट नवीन. मोटर एका मित्राच्या मेलेल्या ग्लायडरची. फ्लाइट कंट्रोलर नाहीच, नुसता रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर आणि पंख-शेपटीच्या झडपा हलवणारे चार सर्वो. एकाच रिमोटवर असली पाच विमानं. या रविवारी एक पडलं की पुढच्या रविवारी त्याचं धड दुसऱ्याच्या पंखाला लागतं. नंबर कुणाचा लिहू, धडाचा की शेपटीचा?

ड्रोनवर कायदा नको असं मी म्हणत नाही. ज्याच्या घराजवळून विमानं उतरतात त्यानं तरी असं म्हणू नये. पण आमच्यासारख्यांना नियमात बसवायचं असेल तर विमान मोजण्यापेक्षा जागा मोजा. अमुक गट नंबर, अमुक हद्द, अमुक उंची, रविवारी सकाळी सहा ते दहा, आणि जबाबदार माणसाचा फोन. एवढं एका कागदावर मावतं.

अमेरिकेत हेच झालं. तिथं नोंदणी लागणाऱ्या ड्रोननं उडताना आपली ओळख हवेत प्रसारित करायची, असा नियम आला. क्लबच्या मंजूर मैदानांना त्यातून सूट आहे, त्या हद्दीत जुनं बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान चालतं. पण ही सूट आयती नाही मिळाली. 2019 च्या मसुद्यात मैदानांना अर्ज करायला फक्त 12 महिने होते, नंतर दार बंद. म्हणजे जुनं मैदान गेलं की नवीन नाही, हळूहळू खेळ खलास. त्या मसुद्यावर 53 हजारांच्या आसपास हरकती-सूचना गेल्या आणि अंतिम नियमातून ती मुदत निघाली. आपल्याकडे मसुदा आला की आपण तो पाच ग्रुपवर फॉरवर्ड करतो, पुढं काही नाही.

नागपुरात तर जागेचाच प्रश्न मोठा. शहराच्या मधल्या झिरो माइलपासून सोनेगावचं विमानतळ सरळ रेषेत सातेक किलोमीटर. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त 200 फुटांपर्यंत मोकळीक, त्याच्या आत विचारल्याशिवाय काहीच नाही. म्हणजे धरमपेठ, महाल, सदर, सगळं रिंगणात. शिवाय वायुसेनानगर आहे, कामठीला छावणी आहे. (संक्रांतीला त्याच आभाळात लाखभर पतंग नायलॉन मांजा घेऊन चढतात, ते वेगळं.) रिंगणाबाहेर जावं तर लेआउट. मागच्या वर्षी जिथं धावपट्टी आखली होती तिथं यंदा चुन्याच्या रेघा आणि प्लॉट नंबरचे दगड. खरं सांगतो, नियमांपेक्षा जास्त मैदानं आमची लेआउटनं खाल्ली.

आणि एक आम्ही स्वतःच घालवलं. शेतमालक भला माणूस, कापूस निघाला की पडीक तुकडा वापरू द्यायचा, बदल्यात त्याच्या नातवाला दोन फेऱ्या. आमच्यातल्या एकानं फोटोसाठी ड्रोन इतकं वर नेलं की खालून ठिपकाही दिसेना. घारीसुद्धा खाली होत्या. कुणीतरी फोन केला, गाडी आली. हवालदार सभ्य होते. एवढंच म्हणाले, "कागद काय आहे तुमच्याकडे?" आमच्याकडे सहा विमानं, फुगलेल्या लायपो बॅटऱ्या आणि पोह्यांचा डबा होता. मालकानं दुसऱ्या दिवशी हात जोडले, "साहेब, मले पोलिसाचं लफडं नको." त्याचं काय चुकलं?

ड्रोन वर नेणाऱ्या त्या पोराला मी तेव्हा अडवलं नाही, व्हिडिओ चांगला येईल म्हणून. हे इथं लिहून ठेवतो.

आता नवीन जागा पाहतोय, उमरेड रोड किंवा काटोल रोड, विमानतळापासून 12 किलोमीटरच्या चांगलं बाहेर. एकर-दीड एकर पडीक चालेल. वरून विजेच्या तारा नकोत, शेजारी गोठा नको, पश्चिमेला झाडं नसली तर उत्तम. भाडं देऊ, लेखी करार करू, पोलीस ठाण्यात अर्ज आधी आम्ही देऊ, मग पहिलं विमान उडेल. जुलै ते ऑक्टोबर पीक उभं असलं तरी हरकत नाही, तेव्हा आम्ही टेबलावर असतो. कुणाच्या माहितीत असेल तर इनबॉक्स करा.