‘जायलो’ आणि ‘जायचो’ कळणारी पोरं ‘यूज्ड टू’ला का अडकतात?

लातुरात पोरांची इंग्रजी मुलाखतीची तयारी घ्यायला बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह.’ पोरगं ऐटीत सांगायलंय की मी रोज पाचला उठतो, आणि ऐकणाऱ्याला कळतं की हा आधी उठायचा, आता लोळत पडतो. ‘आय यूज्ड टू रिस्पेक्ट माय पेरेंट्स’ म्हणणारेही भेटतात. म्हणजे आता ठेवत नाही का बाबा मान?

माझ्या मते दोष पोरांचा नाही. गाइडात ‘यूज्ड टू’समोर ‘सवय असणे’ छापून ठेवतात. सवय तर आजची पण असते, मग पोरं लावणारच. आजच्या सवयीला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ पुरतो, ‘आय गेट अप ॲट फाइव्ह’. विषय संपला. ‘अंगवळणी पडलंय’ म्हणायचं तर आधी ‘ॲम’ पाहिजे आणि पुढं ‘गेटिंग’: ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह’. नुसतं नामही चालतं. आपल्याकडच्या मे महिन्यात ‘आय ॲम यूज्ड टू धिस हीट’ म्हणा खुशाल.

बरं, क्लासवाले सुधारून शिकवतात ते ‘मी जात असे’. औसा-निलंग्यात कोण बोलतं असं? ‘मी क्लासला जायलो’ म्हणजे सध्या चालू आहे, ‘जायचो’ म्हणजे सुटला. ह्या दोन्हीत आपलं शेंबडं पोरगंसुद्धा गल्लत करत नाही. ‘यूज्ड टू’ म्हणजे हे ‘जायचो’. फळ्यावर एवढं लिहिलं तरी निम्मं काम होतं, पण बोलीचं नाव काढलं की मास्तरांनाच कमीपणा वाटतो.

(उच्चार ‘यूस्ट टू’. ‘यूज्ड’ हा ‘वापरलेला’चा. आणि ‘डिड’ आलं की स्पेलिंगमधला डी गळतो.)

मात्र एका ठिकाणी ‘यायचं’ दगा देतं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, हे मराठीत अगदी बरोबर. इंग्रजीत किती महिने किंवा किती खेपा ते सांगायचं असेल, तर ‘यूज्ड टू’ बसत नाही. तिथं सरळ ‘केम’ म्हणायचं: ‘वॉटर केम बाय ट्रेन फॉर मंथ्स’.